काचेच्या अलीकडचा माणूस

शशिकांत उदगीरकर यांना आपल्या बायकोचा हेवा वाटायचा. नारायणगुड्यातल्या त्यांच्या गल्लीत हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण बाहेरून बघणाऱ्याला त्यांच्या संसारात बोट ठेवायला जागाच नव्हती. सकाळचा चहा तेच करत. रजनीबाईंना धुळीचा त्रास, म्हणून खिडक्या पुसायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. ऐंशी ओलांडल्यावरही भाजीला दोघं बरोबर जात आणि पिशवी त्यांच्याच हातात असे. सून वैशाली पुण्याची. लग्न होऊन हैदराबादेत आली तेव्हा तिने आईला फोनवर सांगितलं होतं, "सासरे सासूबाईंना इतकं जपतात, की मी गौतमला रोज टोमणे मारते." या जपणाऱ्या माणसाने साऱ्या संसारात बायकोला एकदाही विचारलं नव्हतं की तू ऑफिसात नेमकं करतेस तरी काय, हे तिला कुठून कळणार?

याचं मूळ सैफाबादेतल्या एका सरकारी दफ्तरात होतं. साल एकोणीसशे एकोणसत्तर-सत्तर. राज्यभरातून पिकांचे, पावसाचे, गुराढोरांचे आकडे तिथे यायचे. ते आकडे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायचे आणि मग ती कार्डं यंत्रांना द्यायची. एक यंत्र कार्डं वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायचं, दुसरं त्यांवरच्या आकड्यांची बेरीज करून कागदावर छापायचं. या छापणाऱ्या यंत्राला टॅब्युलेटर म्हणत. दोन कपाटं शेजारी ठेवावीत एवढं त्याचं धूड. चालू झालं की शेजारच्या खोलीतल्या टेबलांवरचे कप बशीत वाजायला लागत. पण त्याला स्वतःची अक्कल नव्हती. कार्डाच्या कुठल्या रकान्यातला आकडा उचलायचा, कशात मिळवायचा, तालुका संपला की कुठे थांबून एकूण छापायचं, हे त्याला तारांनी सांगावं लागे. ओळीने भोकं असलेला एक बोर्ड असायचा. त्यातल्या या भोकातून त्या भोकात रंगीत तारा खोचायच्या, बोर्ड यंत्राच्या कुशीत सरकवायचा, दांडा खाली ओढायचा. एक तार चुकली की गव्हाची बेरीज म्हशींच्या खात्यात.

या तारा जोडण्यात शशिकांतचा हात धरणारा अख्ख्या दफ्तरात कोणी नव्हता. त्याचे वडील निजामाच्या काळात महसूल खात्यात कारकून होते, आणि त्यांच्या उर्दू अक्षरासाठी लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत. मुलाच्या हातात ते अक्षर उतरलं नाही, तारा उतरल्या. त्याने भरलेला बोर्ड वेणी घातल्यासारखा दिसायचा. दुसऱ्या खात्यांतले लोक मुद्दाम बघायला यायचे. मोठे अधिकारी रंगाचारी साहेब पाहुण्यांना यंत्रखोलीत आणून म्हणत, "ये देखो, हमारा उदगीरकर।" त्या वेळी शशिकांत मान खाली घालून काहीतरी पुसत असल्याचं दाखवायचा, पण कान तिकडेच असायचे.

रजनी लग्न होऊन आली ती परभणीहून. मॅट्रिक आणि टायपिंग झालेलं. दफ्तरात कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुलींची भरती निघाली तेव्हा शशिकांतनेच तिला अर्ज भरायला लावलं. पंचिंगच्या यंत्रापुढे खुर्ची किती उंच हवी, मनगट कसं ठेवायचं, पावसाळ्यात कार्डं फुगली की यंत्र कसं अडतं आणि मग काय करायचं, हे सगळं त्यानेच शिकवलं. सकाळी दोघं लॅम्ब्रेटा स्कूटरवरून निघायची. हिमायतनगरच्या वळणावर ती मागून त्याला काहीतरी विचारायची आणि तो वाऱ्यात ओरडून उत्तर द्यायचा. गौतम झाल्यावर त्याला आजीकडे ठेवून ती परत रुजू झाली. तोपर्यंत सगळं छान होतं.

मग बातमी आली की दफ्तरात कॉम्प्युटर येणार. आधी कोणाचा विश्वास बसेना. या यंत्राला तारा नको होत्या. करायचं काम एकेक पायरी लिहून द्यायचं, यंत्र ते डोक्यात ठेवणार आणि त्याप्रमाणे चालणार. लिहून देणाऱ्याला प्रोग्रॅमर म्हणणार. ही माणसं बाहेरून आणायची नाहीत, दफ्तरातूनच निवडायची, असं वर ठरलं आणि एका शनिवारी सगळ्यांची परीक्षा घेतली. कॉम्प्युटर तेव्हा कोणी पाहिलेलाच नसल्याने त्याबद्दल प्रश्न नव्हते. आकड्यांची माळ द्यायची आणि पुढचा आकडा ओळखायला सांगायचं, आकृत्यांतली वेगळी आकृती शोधायची, असला प्रकार. वेळ मात्र मोजका.

शशिकांतला वाटलं, ही तर औपचारिकता. यंत्राशी बोलणारा माणूस दफ्तरात एकच होता, आणि तो तो होता. पण पेपर हातात आल्यावर त्याला त्याच्याच सवयीने दगा दिला. बोर्ड भरताना एक तार पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. तसाच तो एकेका प्रश्नावर अडून बसला. एका आकृतीवर तर इतका वेळ गेला की घंटा झाली तेव्हा मागची पानं कोरीच होती. दोन बाकं पुढे बसलेली रजनी जे येत नव्हतं ते सोडून सरसर पुढे गेली होती. त्याला तिची पाठ आणि हलणारं कोपर दिसत होतं.

निकाल रंगाचारी साहेबांच्या खोलीबाहेर लागला. पहिलं नाव रजनी उदगीरकर. दुसरं श्रीनिवासचं. तो वरंगळकडचा, नुकताच लागलेला पोरगा. शशिकांतचं नाव नव्हतंच. आणि गंमत अशी, की दिवसभर लोक त्याचंच अभिनंदन करत होते. "मुबारक हो, उदगीरकर साहब! बेगम अव्वल आयी, मिठाई कब?" त्याने मिठाई आणली. स्वतः सगळ्यांच्या टेबलांवर फिरून वाटली. रजनीच्या टेबलाशी आल्यावर ती आनंदाने म्हणाली, "अहो, मला खरंच वाटत नाहीये." तो म्हणाला, "नशीब एकेकाचं." तिने चमकून वर बघितलं, तोवर तो पुढच्या टेबलाकडे गेला होता.

पहिल्या तुकडीत एकालाच मुंबईला शिकायला पाठवायचं होतं. दोन महिने. नियमाने रजनीचा नंबर. पण त्या काळी बाईला गावाबाहेर पाठवायचं तर साहेब लोक तिच्या नवऱ्याला विचारत, आणि इथे नवरा तर शेजारच्याच खोलीत होता. रंगाचारी साहेबांनी शशिकांतला बोलावून बसायला सांगितलं आणि इंग्रजीत विचारलं,

"तुमच्या मिसेसना जमेल का? मूल लहान आहे ना?"

घरी आई होती. ती गौतमला तळहातावर ठेवायची. हे शशिकांतने सांगितलं असतं तर संपलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "साहेब, तिचीच इच्छा नाही. घर सोडून राहायला नको म्हणते."

वाक्य इतकं तयार होऊन बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. रंगाचारींनी खांदे उडवले. "ठीक आहे. मग श्रीनिवास जाईल."

खोलीतून बाहेर आल्यावर आपल्याला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. निकाल लागल्यापासून पहिल्यांदा त्याला नीट भूक लागली, आणि डबा त्याने चवीने खाल्ला.

त्या आठवड्यात रजनी रोज साहेबांच्या बोलावण्याची वाट बघत होती. बोलावणं आलं नाही. आला तो श्रीनिवास. अनारशांसारखे घरचे गुळाचे अरिसेलु केळीच्या पानात बांधून घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरून म्हणाला, "अक्का, आपकी मेहरबानी। आपने छोड दिया, इसलिए मेरे को मिला।"

"मैंने क्या छोडा?" रजनीने विचारलं.

श्रीनिवास गोंधळला. साहेबांनी त्याला जे सांगितलं होतं ते त्याने सांगून टाकलं. रजनीने ते पुडकं घेतलं, त्याला जपून जा म्हणाली आणि पुढचं कार्ड यंत्रात सरकवलं.

घरी सासूसमोर तिने तोंड उघडलं नाही. रविवारी दोघं वर्षाच्या मिरच्या घ्यायला बेगम बाजारात गेली. दुकानदार आत पोती उघडत होता, दोघं लाल ढिगांमध्ये उभी होती, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही रंगाचारींना काय सांगितलंत?"

शशिकांतने एक मिरची उचलून मोडली, बी बघितलं. "गौतम लहान आहे."

"ते मला माहीत आहे. मला नको आहे असं मी कधी म्हटलं?"

"रजनी, बाजार आहे हा."

"म्हणूनच विचारतेय. घरी आई असतात." तिचा आवाज चढला नव्हता. "मला विचारलंत का एकदा तरी?"

"त्यात विचारायचं काय? दोन महिने परक्या गावी... लोक काय म्हणाले असते?"

"लोकांनी मिठाई खाल्ली की हो तुमच्या हातची."

 दुकानदार तागडी घेऊन आला. रजनीने भाव केला, मिरची तोलून घेतली, आणि पिशवी उचलायला तो वाकला तेव्हा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या तुकडीला साहेबांशी मी स्वतः बोलणार आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

ती बोलली. पुढच्या वर्षी मुंबईला गेली, शिकून आली. आपण ते कधी माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारायचं धाडस केलं नाही. भांडण झालं नाही म्हणून ते मिटलंही नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी वरच्या मजल्यावर नवी खोली बांधली गेली होती. गार हवेची, आणि व्हरांड्याच्या बाजूने पूर्ण काचेची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो लांबून बघता यावा. आत जायला चपला काढाव्या लागत आणि यादीत नाव असावं लागे. शशिकांतचं नाव नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो व्हरांड्यात यायचा. काचेपलीकडे रजनी कागदाच्या लांबलचक पट्टीवर पेन्सिल फिरवत असायची. श्रीनिवास काहीतरी बोलायचा, ती हसायची. काचेतून आवाज येत नसे. एकदा ती दोघं हसून हसून टेबलावर वाकली, आणि ती बाहेर आल्यावर शशिकांतने विचारलं, "काय झालं एवढं?" ती म्हणाली, "अहो, त्याचा प्रोग्रॅम स्वतःभोवतीच फिरत बसला!" आणि पुन्हा हसली. त्याला यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. त्या दिवसापासून त्याने एवढंही विचारणं बंद केलं.

दफ्तरात कुजबुज व्हायला वेळ लागत नाही. उदगीरकर व्हरांड्यात उभा असतो, बायकोवर नजर ठेवतो, त्या तेलुगू पोराचा त्याला संशय आहे, असं लोक बोलू लागले. एका जुन्या सहकाऱ्याने तर त्याला गाठून समजावलं, "भाई, ऐसा शक नक्को करो। औरत अच्छी है।" शशिकांतने मान हलवली. मनात आलं, तसला संशय असता तर किती बरं झालं असतं. तसल्या माणसाला लोक पाणी विचारतात, चार गोष्टी सांगतात. पण आपल्या बायकोला आपल्यापेक्षा जास्त येतं, आणि ते आपल्याला बघवत नाही, हे कोणाला जाऊन सांगायचं? श्रीनिवासचं त्याला काहीच नव्हतं. श्रीनिवास जे समजून हसत होता, ते आपल्याला समजत नाही, एवढंच होतं.

मग टॅब्युलेटर गेला. भंगारवाल्यांनी तो जाग्यावरच सुटा केला आणि जिन्यावरून तुकड्या-तुकड्यांनी खाली नेला. त्या दिवशी शशिकांतने रजा घेतली आणि अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रं चाळत बसला. त्याला कोऱ्या कार्डांच्या कोठाराचा इन्चार्ज केलं. कॉम्प्युटरलाही कार्डं लागायचीच. प्रोग्रॅमसुद्धा कार्डांवरच असायचा. वरून चिठ्ठी यायची, खाली रजनीची सही असायची, आणि तो माणसाला म्हणायचा, "दे दो, मॅडम का माल है।" लोकांना ते थट्टेचं वाटे. ऑफिसात तो तिला मॅडमच म्हणायचा, आणि तिला ते आवडत नाही हे माहीत असूनच म्हणायचा.

वर्षं गेली. कार्डं गेली, टेपा आल्या, मग पडदे आले. रजनी बढती घेत घेत त्या विभागाची प्रमुख झाली. निरोपसमारंभाला तिच्याबद्दल पाच जण बोलले. शशिकांत तिच्याआधी निवृत्त झाला होता. त्याच्या वेळी हार, नारळ आणि एक भाषण. आपल्या समारंभाहून घरी आल्यावर तिने मिळालेली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने ती घडी करून कपाटात ठेवली. "तुझी आहे," म्हणाला.

हे सगळं इथेच विझून गेलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी वैशालीच्या कंपनीने गच्चीबावलीच्या ऑफिसात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरवलं. कुठून कुठून मागवलेली भोकांची कार्डं, पंचिंगचं एक यंत्र, जुने फोटो. सोबत एक कार्यक्रम: त्या काळात या शहरात कॉम्प्युटरवर काम केलेल्या बायकांशी गप्पा. वैशाली रविवारी जेवताना म्हणाली, "आई, मी तुमचं नाव दिलंय. नाही म्हणायचं नाही."

रजनीबाई लाजल्या. "अगं, मला काय आठवतंय आता."

"तुम्हाला सगळं आठवतं. बाबा, सांगा ना तुम्ही."

शशिकांतरावांनी ताकाचा घोट घेतला. "ऊन फार आहे सध्या. गच्चीबावली म्हणजे किती लांब. आणि तिचा घसा बघतेस ना, थोडं बोललं की बसतो."

"एसी गाडी आहे बाबा."

"एसीनेच बसतो."

वैशाली हसली. रजनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, सुनेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "येईन मी."

त्यानंतरचा आठवडा शशिकांतरावांनी कुरकुरण्यात घालवला. पंख्याचा आवाज येतोय, वरण पातळ आहे, वर्तमानपत्र उशिरा येतंय. या वयातही तोच हेवा वाटतोय याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, मित्र एकेक करून गेले, आणि हे एवढंच अजून ताजं. वर तुम्ही घरी थांबा असं कोणी म्हणेल या भीतीने त्यांनी आदल्या दिवशीच बुटांना पॉलिश करून ठेवलं.

कंपनीच्या दारावर गळ्यात अडकवायला कार्डं दिली. रजनीबाईंच्या कार्डावर मोठ्या अक्षरात नाव आणि खाली ‘स्पीकर’. शशिकांतरावांच्या कार्डावर नाव नव्हतं. ‘गेस्ट’ एवढंच.

हॉल भरलेला होता. सगळी पोरं गौतमपेक्षाही लहान. रजनीबाई स्टेजवर खुर्चीत बसल्या आणि शिल्पा नावाची एक मुलगी त्यांना प्रश्न विचारू लागली. आधी त्या चाचरत होत्या. मग मुंबईचा वर्ग आठवला, वर्गात त्या एकट्याच बाई होत्या, आणि शिकवणारा दर वेळी ‘जेंटलमेन’ म्हणून सुरुवात करून मग त्यांच्याकडे बघून थांबायचा. पोरं हसली. त्या खुलल्या. शशिकांतराव पहिल्या रांगेत बसून हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते. बाकीच्या हॉलइतकंच त्यांनाही ते नवं होतं, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

तेवढ्यात शिल्पाने इंग्रजीत विचारलं, "त्या काळात घरून पाठिंबा होता का? सर तर इथेच बसलेत."

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. रजनीबाईंनीही तिकडे बघितलं. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं, आणि शशिकांतरावांना खात्री होती की ती हो म्हणेल. सगळ्या बायका म्हणतात.

"पहिल्या वेळी माझ्या वतीने यांनीच नाही म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला न विचारता. मग माझी जागा दुसऱ्याला गेली. दुसऱ्या वेळी मी यांना विचारलं नाही."

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. शिल्पाला वाटलं, जुनं जोडपं मजेत एकमेकांची फिरकी घेतंय. ती उत्साहाने म्हणाली, "सरांनाही संधी द्यायला हवी!" आणि कोणीतरी माइक आणून शशिकांतरावांच्या हातात ठेवला.

ते उठले.  काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. "मूल लहान होतं," असं ओठांवर आलंही. मग ते म्हणाले, "इनको नंबर जास्ती आये थे। मेरे को नहीं आये।"

हॉल पुन्हा हसला, आधीपेक्षा मोठ्याने. त्यांनी विनोद केला नव्हता. स्टेजवर एकटी रजनी हसत नव्हती. ते खाली बसले. माइक परत घ्यायला आलेल्या माणसाला तो त्यांच्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला.

परतताना वैशालीने गाडी ऑफिसातूनच करून दिली. तिला मागे थांबायचं होतं. दोघं मागच्या सीटवर. मेहदीपट्टणमच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. 

"सांगायलाच हवं होतं का?" शशिकांतराव शेवटी म्हणाले.

"त्या पोरीने विचारलं."

"काहीही सांगता आलं असतं."

"आलं असतं," रजनीबाई म्हणाल्या. "पण आजवर तेच करत आले. घरी आलं की दारात चपलांबरोबर काम काढून ठेवायचं. बढतीचं सांगायचं तर आधी तुमचा चेहरा बघायचा. आज कंटाळा आला."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. रागावण्यासारखं होतं, पण राग जमेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं,

"तुझा पहिला प्रोग्रॅम कशाचा होता?"

रजनीबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्या वळून बसल्या. "भाताचा. जिल्ह्यांप्रमाणे भाताची बेरीज. तुमच्या बोर्डावर व्हायची तीच."

"चालला?"

"कसला चालतोय! आदिलाबाद बरोबर आलं. अनंतपूरला इतका भात पिकला की मी डोळे चोळले. चित्तूरला त्याहून जास्त. खाली खाली तर समुद्रात भात लावल्यासारखे आकडे."

शशिकांतराव सरळ झाले. "मागची बेरीज पुसायची राहिली?"

"हो."

"प्रत्येक जिल्ह्यात आधीचे सगळे जिल्हे मिळत गेले!" त्यांच्या आवाजात असा उघड आनंद होता की ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "अगं, त्याला बोर्डावर एक तार लागायची. एकच. छापून झालं की शून्य. मी डोळे मिटून घालायचो ती."

"माहीत होतं मला."

"मग?"

"म्हणून तर खाली आले होते विचारायला. कागद घेऊन. तुम्ही यंत्राशी होतात. मी दारात उभी राहिले. तुम्ही बघितलंत मला, आणि पाठ केलीत."

ते त्यांना आठवत होतं. हातात कागदाची पट्टी घेऊन दारात उभी असलेली रजनी. तेव्हा त्यांची खात्री झाली होती की ही नव्या यंत्राने छापलेला कागद आपल्याला दाखवायला, मिरवायला आली आहे.

"मला वाटलं..." ते म्हणाले, आणि थांबले.

"काय वाटलं ते मला माहीत आहे."

"मग कोणी शोधली चूक?"

"श्रीनिवासने. दुपारभर लागला त्याला."

"दुपारभर!" शशिकांतराव म्हणाले. चेहऱ्यावर पुन्हा तो समाधानाचा भाव आला. रजनीबाईंना तो दिसला. त्यांनी तो पुसायचा प्रयत्न केला नाही. एवढं नवऱ्याकडे राहिलं तरी त्यांचं काही जात नव्हतं.

गाडी हलली. शशिकांतराव थोडा वेळ बोटांनी गुडघ्यावर काहीतरी जोडल्यासारखं करत होते. मग म्हणाले, "पण तार नाही, तर शून्य कर असं त्या यंत्राला सांगायचं कसं? नीट सांग. घाई नको."

रजनीबाईंनी पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता म्हणून त्यांच्या गळ्यातलं ‘गेस्ट’ लिहिलेलं कार्ड मागून घेतलं, उलटं केलं, आणि वरच्या कोपऱ्यापासून लिहायला लागल्या. ते चष्मा नाकावर चढवून झुकले. दोन ओळी झाल्यावर त्यांनी तिचा हात अडवला.

"थांब. ही ओळ आधी का? माझ्या मते ही नंतर हवी."

"नाही हो."

"हवी."

नारायणगुड्याला पोचेपर्यंत दोघं भांडत होती.